ग्रेनाडाचा पासपोर्ट आणि निफाडची बाग

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४४, सातपूरला प्रेस पार्ट्सचा कारखाना, मुलगा दहावीत, मुलगी सहावीत. एफडी आणि म्युच्युअल फंड मिळून १ कोटी ६० लाख, गंगापूर रोडला एक प्लॉट, त्याचे ९० लाख येतील. कारखान्याच्या ६० लाखांच्या कॅश क्रेडिटला, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाला, स्वतःची हमी. निफाड तालुक्यात वडिलांच्या नावावर सहा एकर द्राक्षबाग. एका एजंटाने त्यांना कॅरिबियन बेटांमधल्या ग्रेनाडाचं नागरिकत्व सुचवलंय. देणगी भरा, चौघांना पासपोर्ट मिळेल, त्यावर अमेरिकेचा ई-२ व्हिसा, म्हणजे तिथल्या धंद्यात पैसे गुंतवणाऱ्याला मिळणारा, मग मुलगा तिकडेच शिकेल. टोकनचे ५ लाख या महिन्यात मागितलेत. ते विचारतात, भरू का?

नमस्कार. टोकन भरू नका. का, ते सांगतो.

आधी आकडे. ग्रेनाडाच्या सरकारी निधीत चौघांच्या कुटुंबासाठी २,३५,००० डॉलर भरावे लागतात. डॉलर ८८ रुपयांना धरला तर २ कोटी ७ लाख. ही देणगी आहे, यातला एक रुपयाही परत येत नाही. हे पैसे उदारीकृत प्रेषण योजनेतून, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या एलआरएसमधून बाहेर जाणार. तिथे वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. तुमच्या एकट्याच्या खात्यातून पाठवलं तर सुमारे ३९ लाख. हा कर रिटर्नमध्ये वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकून राहतो. २ कोटी ७ लाख अधिक ३९ लाख, झाले २ कोटी ४६ लाख. एफडी-फंड मोडून आणि प्लॉट विकून तुमच्या हातात येणार अडीच कोटी. त्यात प्लॉटच्या नफ्यावरचा कर, पार्श्वभूमी तपासणीचं शुल्क आणि एजंटाची फी अजून धरलेलीच नाही. म्हणजे गणित पहिल्याच दिवशी तुटतं, आणि मागे ६० लाखांची हमी उभीच आहे. एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाने दोन महिने पैसे थकवले तर पगार कशातून करणार?

आता ज्यासाठी हे सगळं चाललंय तो ई-२ व्हिसा. भारताचा अमेरिकेशी त्यासाठीचा करार नाही, ग्रेनाडाचा आहे. एजंट इथवर खरं बोलला. पण डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला. पैसे गुंतवून नागरिकत्व मिळवलेल्या माणसाने अर्जाआधी सलग तीन वर्षं त्या देशात घर करून राहिलेलं असलं पाहिजे. तुमचा मुलगा आज १५ वर्षांचा. पासपोर्ट उद्या हातात आला असं धरलं तरी तीन वर्षांनी तो १८ चा होणार, आणि आई-वडिलांच्या ई-२ वर मुलांना २१ व्या वर्षापर्यंतच राहता येतं. तीन वर्षांच्या खटाटोपानंतर त्याच्या वाट्याला फार तर तीन वर्षं. त्या काळात सातपूरचा कारखाना कोण चालवणार, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. शिवाय ई-२ साठी अमेरिकेतल्या धंद्यात वेगळी भरीव गुंतवणूक लागते. आणि ई-२ म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे. ग्रीन कार्डाची रांग जन्म कोणत्या देशात झाला त्यावर ठरते. तुमचा जन्म नाशिकचा, तो पासपोर्टाने बदलत नाही.

बिनव्हिसा प्रवासाच्या सवलतीवरही फार विसंबू नका. असेच पासपोर्ट देणाऱ्या डोमिनिका आणि वानुआतूच्या नागरिकांना जुलै २०२३ पासून ब्रिटनला जायला व्हिसा लागतो. वानुआतूची युरोपातली सवलत आधी स्थगित झाली आणि २०२४ मध्ये कायमची गेली. आणि कर वाचेल ही समजूत काढून टाका. आयकर खातं दिवस मोजतं. वर्षात १८२ दिवस नाशिकला राहिलात तर पासपोर्ट कुठलाही असो, तुम्ही इथले निवासी.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती बागेची. राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा स्पष्ट आहे. स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. पासपोर्ट जमा करायचा, मग ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डासाठी, अर्ज. ओसीआय घेऊन परदेशी राहणाऱ्याला इथे फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाने आली तर ठेवता येते.

दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर एक बाप-लेक बसले होते. लेकाने परदेशी नागरिकत्व घेतलेलं, महिनाभराच्या सुट्टीवर आलेला. वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीतून सातबारा काढला, टेबलावर ठेवून तळहाताने घड्या सपाट केल्या, आणि म्हणाले, ‘याच्या नावावर बक्षीसपत्र करून टाकू, माझं आता काय खरं नाही.’ तसं करता येणार नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं. तो कागद परत घडी घालताना त्यांचे हात बराच वेळ चाचपडत होते. मृत्युपत्राचा मार्ग होता, तो आम्ही घेतला. पण हयातीत स्वतःच्या हाताने मुलाला जमीन द्यायचं त्यांचं राहून गेलं.

मग मुलाच्या शिक्षणाचं काय? त्यासाठी पासपोर्ट बदलायची गरजच नाही. हजारो मुलं एफ-१ विद्यार्थी व्हिसावर भारतीय पासपोर्ट घेऊन जातात. म्युच्युअल फंडांतले ६० लाख त्याच्या नावाने बाजूला धरा आणि पुढच्या तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने एफडीकडे वळवा. उरलेल्यासाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज घ्या. त्या कर्जातून पाठवलेल्या फीवर टीसीएस लागत नाही. प्लॉट विकू नका. तुमचा टर्म इन्शुरन्स ५० लाखांचाच आहे, म्हणजे कॅश क्रेडिटच्या हमीइतकाही नाही. तो २ कोटींचा करून घ्या, तेही याच महिन्यात.

तुमच्याकडे पंधरा-वीस कोटी मोकळे असते, निर्यातीच्या कामासाठी महिन्याला विमान धरावं लागत असतं, आणि गावी जमीन नसती, तर मी वेगळ्या तऱ्हेने विचार केला असता.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. ते ७४ वर्षांचे आहेत. या रविवारी निफाडला जा. ताजा सातबारा आणि आठ-अ काढून घ्या, बहिणींचे हक्क काय आहेत ते बघा आणि बागेचं पुढे काय करायचं हे त्यांनाच विचारा. ते म्हणतील तसं मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र वकिलाकडून करून घ्या. आज तुम्ही भारताचे नागरिक आहात, तोवर दोन्ही रस्ते उघडे आहेत.