कंसातल्या ओळी आणि शास्त्राचा भरवसा

पाळकसाहेब, सलाम. वर्गातला मित्र म्हणतो, बायबल शतकानुशतकं हातानं उतरवत आलंय, म्हणजे कानगोष्टींच्या खेळासारखं ते पार बदललं असणार. मला उत्तर देता आलं नाही. (विद्यार्थिनी, शाहूपुरी)

कानगोष्टींत शब्द एका कानातून दुसऱ्या कानात जातो आणि मागं वळून तपासायची सोय नसते. हस्तलिखितांचं तसं नाही. मोडी कागदांचं काम करणाऱ्या कुणालाही विचार. एकाच पत्राच्या चार नकला चार घरांत सापडल्या आणि एकीत कारकुनाच्या हातून ओळ गळली असली, तर उरलेल्या तीन ती चूक उघडी पाडतात. नव्या कराराची, म्हणजे येशूनंतर लिहिलेल्या बायबलच्या दुसऱ्या भागाची ग्रीक हस्तलिखितं, लहानसहान तुकडे धरून, पाच हजारांहून जास्त आहेत. इतक्या नकला म्हटल्यावर पाठभेदही हजारोंनी निघतात. ते लपवायचं काही कारण नाही. बहुतेक भेद शुद्धलेखनाचे आणि शब्दांच्या मागंपुढं होण्याचे आहेत.

जुन्या कराराची, म्हणजे येशूच्या आधीच्या हिब्रू ग्रंथांची, तर फार मोठी परीक्षा झाली. १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत एका मेंढपाळाला गुंडाळ्या सापडल्या. त्यांतली यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी सात मीटरांहून लांब आहे, तीत सगळे ६६ अध्याय आहेत आणि ती ख्रिस्ताच्या शंभरेक वर्षं आधीची आहे. तोवर हाती असलेली यशयाची संपूर्ण हिब्रू प्रत तिच्याहून सुमारे हजार वर्षांनी अलीकडची होती. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा फरक निघाले, पण ग्रंथ तोच निघाला. ५३ व्या अध्यायातल्या ११ व्या वचनात जुन्या गुंडाळीत ‘प्रकाश’ हा एक शब्द जास्त आहे. तो शब्द वाचताना माझे डोळे आजही भरून येतात.

मित्राला एक गोष्ट मात्र मोकळेपणानं कबूल कर. नक्कल प्रामाणिक आहे एवढ्यावरून मूळ मजकूर खरा ठरत नाही. तो पुढचा प्रश्न विश्वासाचा आहे. दोन्ही एकत्र करून वाद जिंकू नकोस.

नातवानं नवं बायबल आणलं. त्यात मार्कच्या शेवटच्या ओळी कंसात घातल्यात. देवाचं वचन आता माणसं कापायला लागली का? (एक आजी, कसबा बावडा)

आजी, कुणी कापलेलं नाही. चौथ्या शतकातल्या दोन फार जुन्या ग्रीक प्रतींत मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे त्यानं लिहिलेली येशूची हकिकत, १६ व्या अध्यायाच्या ८ व्या वचनाशी थांबतं. बाया भिऊन कबरेपासून पळाल्या, एवढ्यावर. पुढची बारा वचनं इतर असंख्य प्रतींत आहेत, म्हणून छापणाऱ्यांनी ती ठेवली आणि कंस घालून खरी हकिकत सांगितली. प्रभू उठला ही बातमी सहाव्या वचनातच आहे, ती कंसाच्या बाहेर आहे. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची योहानातली गोष्टही जुन्यात जुन्या प्रतींत नाही. मी तिच्यावर प्रवचन करतो, आणि टीपही वाचून दाखवतो. तुमचं जुनं बायबल खुशाल वाचत राहा.

चार शुभवर्तमानांत कबरेपाशी कुठं एक देवदूत, कुठं दोन. मग साक्ष खरी कोणाची? (अभियंता, राजारामपुरी)

२०१९ च्या महापुराची हकिकत चार घरांत विचारा. कुणी सांगेल राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून किती चढलं, कुणी सांगेल नावेत आधी म्हस चढवली की आजीला. माणसांचा आकडा जुळणार नाही, पण पूर आला यात फरक पडणार नाही. चौघांनी शब्दन्‌शब्द तेच सांगितलं तर मात्र मला शंका येईल.

योहानाचं शुभवर्तमान नीट वाचा. कबरेकडं जाणारी म्हणून तो एकट्या मग्दालीया मरीयेचं नाव घेतो, पण धावत येऊन ती म्हणते, त्याला कुठं ठेवलं ते ‘आम्हाला’ ठाऊक नाही. बरोबरच्या बाया त्या एका शब्दात उभ्या आहेत. सगळ्याच गाठी अशा सुटत नाहीत. येशूच्या आईचा नवरा योसेफ, त्याच्या बापाचं नाव मत्तयात याकोब आहे आणि लूकमध्ये एली. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या मरणाच्या दोन हकिकती आहेत. त्यांवर दिलेली ओढूनताणून उत्तरं मला पटत नाहीत. त्या गाठी तशाच ठेवून मी विश्वास ठेवतो.

सून कॅथलिक घरातली. तिच्या बायबलात पुस्तकं जास्त कशी? (शुक्रवार पेठ)

तिच्यात ७३, आपल्या प्रोटेस्टंट बायबलात ६६. फरक फक्त जुन्या करारात आहे. नव्या कराराची २७ पुस्तकं दोघांचीही तीच, आणि हीच यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस यानं ३६७ सालच्या पत्रात दिलेली आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेला सुनेला स्तोत्र वाचायला सांगा, तिथं अडचण येणार नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. बायबलात एकही चूक नाही असं मानलं नाही, तर मी ख्रिस्ती उरतो का? (गडहिंग्लज)

उरता. यावर मंडळ्यांत एकमत नाही. १९७८ साली शिकागोत जमलेल्या इव्हँजेलिकल (बायबलच्या शब्दाला सर्वांत वर मानणाऱ्या प्रोटेस्टंट) पुढाऱ्यांनी जाहीर केलं की मूळ लेखात इतिहास आणि विज्ञानासकट कुठंच चूक नाही. त्याआधी १९६५ साली कॅथलिकांच्या व्हॅटिकन परिषदेनं म्हटलं होतं की आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य लिहवून ठेवायचं होतं, ते शास्त्र चुकीविना शिकवतं. मी स्वतः या दुसऱ्या मांडणीच्या जवळ आहे. प्रेषित पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलेल्या पत्रात शास्त्र परमेश्वरप्रेरित म्हणतो, आणि लगेच ते कशासाठी तेही सांगतो: शिकवण्यासाठी, दोष दाखवण्यासाठी, सुधारण्यासाठी, नीतिमत्त्वात वाढवण्यासाठी. खडकांचं वय त्या यादीत नाही. उत्पत्तीतले दिवस आपल्यासारखे दिवस नसावेत, असा विचार ख्रिस्ती पंडित ऑगस्टीन यानं पाचव्या शतकात केला होता, तेव्हा डार्विन जन्मायचा होता.

पालक तक्रार घेऊन आले तर त्यांच्याबरोबर बसून उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय सलग वाचा. पहिल्यात झाडं आणि जनावरं आधी, माणूस शेवटी. दुसऱ्यात माणूस आधी. लिहिणाऱ्यानं दोन्ही शेजारी ठेवले, ते त्याला दिसलं नसेल का, एवढंच विचारा. बोलणं लांबलं तर मला कळवा, रविवारची दुसरी उपासना आटोपून मी गडहिंग्लजला येतो.