समान संधी कक्ष हाती घेताना

सातारा

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद. कॉलेजच्या समान संधी कक्षाचं, म्हणजे जात, लिंग, अपंगत्व यांमुळे कुणी पोर मागे पडू नये हे पाहण्याचं काम तुझ्याकडे आलं, फार आनंद झाला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१२च्या नियमावलीत हा कक्ष आहेच. त्यात जीव तुला ओतायचा आहे.

आधी वेळापत्रक काढून बस. पाटण खोऱ्यातून, माण-खटावातून एसटीने कोण येतं आणि त्यांची परतीची गाडी कितीला आहे, हे विचारून घे. प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत लांबलं की पहिल्यांदा मुली गळतात. उशीर झालेला घरी चालत नाही. मग हजेरी कमी भरते आणि आपण त्यांनाच बोल लावतो.

‘एससी, ओबीसीवाले उभे राहा, फॉर्म भरायचेत,’ असं भर वर्गात कुणी म्हणालं, तर ते त्याच दिवशी थांबव. मग तो कितीही ज्येष्ठ असो. त्या एका वाक्याने वर्गाला जात कळते. पुढे शेजारी कोण बसतं, प्रोजेक्टमध्ये कोण घेतं, नोट्स कोण देतं, सगळंच बदलतं. ते पोर तक्रार करणार नाही, गप्प होईल. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज एकेकाला बोलावून भरून घे. शिष्यवृत्ती रखडली म्हणून कुणाचं हॉलतिकीट अडलं, तर प्राचार्यांकडे तू स्वतः जा.

दिव्यांगांना २०१६च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आहेत. प्रवेश मिळतो, पण वर्ग वरच्या मजल्यावर! तो वर्ग तळमजल्यावर आणायला कुठलं अनुदान लागत नाही.

‘अशा सवलतींनी गुणवत्ता घसरते,’ हा मुद्दा तुझ्यापुढे येईलच. तेव्हा आपल्या साताऱ्याचाच दाखला दे. कर्मवीर भाऊरावांनी इथे १९२४ साली बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीला जेवत. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, ‘कमवा आणि शिका’तून गरिबाची पोरं शिकली. कर्मवीर अण्णांनी पोरांच्या राहण्याची, जेवणाची, कामाची सोय लावली, म्हणून ती शिक्षणात टिकली. ती मुलं हुशार नव्हती, असं कोण म्हणेल?

आणि प्रोजेक्टचे गट मुलांवर सोडू नकोस. ओळखीचे ओळखीच्यांना धरतात, खेड्यातली, नवखी पोरं शेवटी उरतात. गट तू पाड, आणि सादरीकरणाला दर वेळी वेगळं पोर उभं कर.

तुझे,
सर