‘रेक्झिन’मध्ये ‘अजिन’ आहे का?

म्हापशाच्या एका भगिनींनी विचारले आहे की, ‘रेक्झिन’ या शब्दाच्या शेवटी संस्कृत ‘अजिन’ आहे का. सोफ्याची खोळ बदलायला त्या दुकानात गेल्या असता मुलीने ‘हे कोणाचे कातडे?’ असे विचारले आणि सोबतच्या मामांनी गंभीर चेहऱ्याने सांगितले की, सत्तरीच्या रानात ‘रेक्झ’ नावाचे जनावर पाळतात. मृगाचे ते मृगाजिन, व्याघ्राचे ते व्याघ्राजिन, तसे रेक्झाचे ते रेक्झिन.

मामांची थट्टा मला फार आवडली, पण व्युत्पत्ती टिकत नाही. ‘अजिन’ म्हणजे कातडे हे खरे. मात्र ‘मृग’ आणि ‘अजिन’ यांची संधी होताना दोन अकार मिळून आकार होतो, म्हणून रेक्झाच्या कातड्याला ‘रेक्झाजिन’ म्हणावे लागले असते. तो आकार या शब्दात कुठेच नाही. रेक्झिन हे मुळात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातील एका कंपनीच्या मालाचे नोंदणीकृत नाव. कापडावर सेल्युलोज नायट्रेट, कापराचे तेल, रंगद्रव्य आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणाचा थर देऊन त्यावर चामड्यासारखी नक्षी दाबत असत. आपल्याकडे ते नाव सामान्यनाम झाले आणि आज कोणत्याही कृत्रिम चामड्याला आपण रेक्झिनच म्हणतो.

मामांच्या थट्टेला अमेरिकेत एक सख्खे भावंड आहे. कनेक्टिकट राज्यातील नॉगटक या गावाच्या नावाला कातडे या अर्थाचा इंग्रजी ‘हाइड’ शब्द किंचित वेगळ्या वर्तनीने जोडून तिथल्या एका कृत्रिम चामड्याला ‘नॉगाहाइड’ हे नाव मिळाले. १९६०च्या दशकात जाहिरातदारांनी त्या नावातले कातडे सोलून काढले आणि उरलेल्या ‘नॉगा’चा मोठ्या जबड्याचा, दात दाखवणारा एक प्राणी केला, त्याच्या बाहुल्याही निघाल्या. हा नॉगा आपले कातडे आपणहून उतरवून देतो, त्याला इजा होत नाही, अशी थट्टा पुढे रूढ झाली. मराठीत या प्राण्यासाठी क्रियापद तयारच आहे: नॉगा कात टाकतो.

दोन्हीकडे कापड आधी आले आणि त्याच्या नावातून जनावर मागाहून जन्मले. शब्दाचा शेवट ओळखीचा वाटला की उरलेल्या भागालाही अर्थ असलाच पाहिजे, असे आपल्याला वाटते. मामांनी याच खोडीचा सुरेख उपयोग केला आहे.

एक बारकावा मात्र नोंदवतो. मुलीने ‘कातडे’ म्हटले. कमावलेल्या कातड्याला ‘चामडे’ हा शब्द अधिक नेमका आहे, म्हणून रेक्झिनला ‘कृत्रिम चामडे’ म्हणावे. तिला दुकानातला एखादा तुकडा उलटा करून दाखवा. चामड्याची मागची बाजू लवदार असते, रेक्झिनच्या मागे मात्र कापडाची वीण दिसेल.