वाचकांचे प्रश्न : बांधकाम उद्योगाला स्वतःचे मंडळ हवे का?

बांधकाम उद्योगाच्या विकासासाठी दक्षिण आफ्रिका आणि मलेशिया या देशांनी कायदा करून सार्वजनिक मंडळे स्थापन केली आहेत, असा ओझरता उल्लेख मागील अंकातील एका उत्तरात आला होता. त्यावर नागपूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकाम विभागाची लहान कामे घेतो. प्रत्येक खात्याची नोंदणी वेगळी, कागदपत्रांची जंत्री वेगळी आणि बयाणा रकमेचे नियमही वेगळे. उद्या आपल्याकडे असे मंडळ आलेच, तर आमच्या फायलीत आणखी एका दाखल्याची भर पडण्यापलीकडे काय होणार? (कंत्राटदार, हिंगणा)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. मंडळाची नोंदणी आधीच्या नोंदण्यांची जागा घेते की त्यांच्या डोक्यावर आणखी एक ओझे होऊन बसते, यावरच अशा कायद्याचे यशापयश ठरते, असे माझे मत आहे. त्यामुळे या दोन्ही देशांत काय घडले ते थोडे विस्ताराने पाहू.

दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट १९९४ मध्ये संपली, तेव्हा मोठी बांधकामे मोजक्या कंपन्यांच्या हाती होती आणि कृष्णवर्णीय कंत्राटदारांच्या वाट्याला बहुधा पेटी कंत्राटेच, म्हणजे मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखालची कामेच, येत असत. नव्या सरकारने १९९९ मध्ये या उद्योगाविषयी श्वेतपत्रिका काढली आणि पुढच्या वर्षी बांधकाम उद्योग विकास मंडळाचा कायदा केला, तो म्हणजे २००० सालचा ३८ क्रमांकाचा अधिनियम. मंडळाचे सदस्य सार्वजनिक बांधकाम मंत्री नेमतात. मंडळाने कंत्राटदारांची राष्ट्रीय नोंदवही ठेवायची, सरकारी प्रकल्पांची दुसरी नोंदवही ठेवायची, निविदा आणि करारांच्या पद्धतीत एकसारखेपणा आणायचा आणि लहान कंत्राटदारांच्या वाढीला हातभार लावायचा, अशी त्याची मुख्य कामे आहेत. नोंदवहीत १ ते ९ अशा श्रेणी आहेत. कंत्राटदाराची आर्थिक ताकद आणि पूर्वी पूर्ण केलेली कामे यांवरून श्रेणी ठरते, आणि त्या श्रेणीच्या मर्यादेपलीकडची सरकारी निविदा त्याला भरता येत नाही. २०१९ च्या सुधारित मर्यादेनुसार पहिल्या श्रेणीला ५ लाख रँडपर्यंतचे काम घेता येते, तर नवव्या श्रेणीला कमाल मर्यादाच नाही. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की ही एकच नोंदवही सर्व सरकारी खात्यांना वापरावी लागते. एका खात्यात चालणारा कंत्राटदार दुसऱ्या खात्याच्या दारात पुन्हा नवखा ठरत नाही.

मात्र या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवून या पद्धतीचे कौतुक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिल्या श्रेणीत शिरायला पूर्वानुभव लागत नाही, त्यामुळे तेथे गर्दी झाली आणि नोंदलेल्या कंत्राटदारांपैकी बहुसंख्य तेथेच अडकून राहिले. वरच्या श्रेणीसाठी मोठे काम पूर्ण केल्याचा पुरावा हवा, आणि मोठे काम मिळवायला वरची श्रेणी हवी! महाराष्ट्रात लहान कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुली स्पर्धा यांत वाटून देण्याची पद्धत आहे आणि त्या वाटपाचे प्रमाण शासन निर्णयांनी वेळोवेळी बदलत आले आहे. त्या पद्धतीतही काम देण्याची सोय आहे, पण काम घेणाऱ्याला पुढच्या पायरीवर नेण्याची जबाबदारी कोणा एका यंत्रणेवर नाही, हे आपण अनुभवाने जाणत असालच.

मलेशियाचा कायदा याहून जुना, १९९४ चा आहे आणि त्याची कक्षाही मोठी आहे. दक्षिण आफ्रिकेची नोंदवही सरकारी कामांपुरती आहे, तर मलेशियात नोंदणीशिवाय खासगी कामही घेता येत नाही. तेथे जी-१ ते जी-७ अशा श्रेणी आहेत; जी-१ ची मर्यादा २ लाख रिंगिट असून जी-७ ला मर्यादा नाही. मंडळाचा खर्च भागावा म्हणून ५ लाख रिंगिटवरील प्रत्येक कंत्राटावर ०.१२५ टक्के आकारणी घेतली जाते. ही टक्केवारी छोटी दिसते. पण सगळ्या देशातील बांधकामावर ती लागू होत असल्यामुळे मंडळाला सरकारी अनुदानासाठी दरवर्षी हात पसरावा लागत नाही.

आता आपण पत्रात न लिहिलेल्या, पण आपल्या व्यवसायातील प्रत्येकाच्या ओठांवर असलेल्या विषयाकडे, म्हणजे थकीत बिलाकडे, वळतो. काम पूर्ण झाले, मोजमाप पुस्तकात नोंदी झाल्या, तरी निधी नाही म्हणून बिल निघत नाही, आणि मधल्या काळात गिट्टीवाला, सळईवाला आणि मजूर मात्र थांबायला तयार नसतात. नोंदणी मंडळामुळे हे दुखणे आपोआप बरे होत नाही. मलेशियाला त्यासाठी २०१२ मध्ये बांधकामाची देयके आणि त्यांवरील वादांचा जलद निवाडा यांविषयी वेगळा कायदा करावा लागला आणि तो एप्रिल २०१४ पासून अमलात आला. दक्षिण आफ्रिकेत वेळेवर देयक देण्याच्या नियमांचा मसुदा, मंडळ स्थापन झाल्यावर जवळपास पंधरा वर्षांनी, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांची कमाल मुदत आणि उशिरा दिलेल्या रकमेवर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज अशी चांगली तरतूद आहे. परंतु माल आणि मजुरी एकत्र असलेली बांधकामाची कंत्राटे या कायद्याच्या बाहेर आहेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत म्हटले आहे. म्हणून असा काही मसुदा आपल्याकडे आलाच, तर त्यात नोंदणीचे कलम किती लांब आहे हे पाहण्याआधी देयकाचे कलम आहे की नाही हे आपण पाहावे.

प्रश्न : इमारतीचा नकाशा मंजूर करून घेतानाच आम्ही बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर भरतो. मग आणखी कोणत्या मंडळासाठी आकारणी कशाला? जमलेल्या पैशाचे काय झाले? (स्थापत्य अभियंता, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : आपण भरता तो उपकर कामगारांच्या कल्याणासाठी आहे आणि त्याचा उद्योगाच्या विकासाशी थेट संबंध नाही, हा फरक आधी लक्षात घ्यावा. संसदेने १९९६ मध्ये इमारत व इतर बांधकाम कामगारांविषयी एक कायदा आणि उपकराचा दुसरा कायदा केला. उपकर किमान १ आणि कमाल २ टक्के असू शकतो आणि तो १ टक्क्यानेच घेतला जातो. महाराष्ट्रात कामगार कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर पंधरा वर्षांनी, स्थापन झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्यावर हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण उपकर आणि मंडळ दोन्ही कायम आहेत.

जमलेल्या पैशाविषयी आपली चीड समजण्यासारखी आहे, कारण सर्वोच्च न्यायालयानेही ती व्यक्त केली आहे. मार्च २०१८ च्या निकालात न्यायालयाने नोंदवले की देशभरात ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक उपकर जमा झाला असताना कामगारांसाठी सुमारे ९,५०० कोटीच वापरले गेले, आणि काही ठिकाणी लॅपटॉप आणि धुलाई यंत्रे घेण्यासाठी हा निधी खर्च झाल्याचेही न्यायालयासमोर आले.

यातून माझा निष्कर्ष असा आहे की आज लगेच नवी आकारणी सुरू करू नये. दिवाणचंद बिल्डर्स प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा उपकर कर नसून शुल्क आहे, असे ठरवले. शुल्क म्हटले की ज्या कारणासाठी ते घेतले त्या कारणासाठी ते खर्च होणे ओघानेच आले. जुन्या शुल्काचा हिशेब लागत नसताना त्याच इमारतीवर नवे शुल्क लावले, तर तो बोजा शेवटी सदनिका घेणाऱ्याच्या माथी येईल. आधी नोंदवही आणि देयकांचे नियम करावेत आणि त्यांचा खर्च सरकारने उचलावा. आकारणीचा विचार नंतर करता येईल.

प्रश्न : निवृत्तीनंतर मानेवाड्याला स्वतःच्या भूखंडावर घर बांधतो आहे. चांगला ठेकेदार कसा ओळखावा? महारेरा उपयोगी पडेल का? (निवृत्त शिक्षक)

उत्तर : आपल्यासारख्यांना महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, उपयोग नाही. २०१६ चा स्थावर संपदा कायदा विकासकाकडून सदनिका किंवा भूखंड घेणाऱ्यासाठी आहे. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत रचनेतील दोष दिसल्यास विकासकाने तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा, हा त्यातील मोठा दिलासा स्वतःच्या भूखंडावर घर बांधणाऱ्याला मिळत नाही. म्हणून दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे दोष निघाल्यास ठेकेदाराने तो दुरुस्त करून देण्याची मुदत, आपल्या करारातच लिहून घ्यावा आणि अखेरच्या हप्त्याचा काही भाग तोवर राखून ठेवावा. नागपूरच्या काळ्या मातीत पाया कसा घ्यायचा हे ठेकेदाराच्या अंदाजावर न सोडता संरचना अभियंत्याच्या सल्ल्याने ठरवावे. उन्हाळ्यात स्लॅब टाकणार असाल, तर पाणी मारण्याची जबाबदारी कोणाची, हेही लिहून ठेवावे. याच एका कारणावरून झालेली भांडणे मी पुष्कळ पाहिली आहेत.

सिंगापूरच्या बांधकाम मंडळाने १९८९ मध्ये कारागिरीला गुण देण्याची पद्धत सुरू केली. तीत पहिल्याच तपासणीला जे दिसेल त्यावर गुण दिले जातात. मागाहून केलेल्या डागडुजीने ते वाढत नाहीत. आपल्याकडे प्रकल्पांना आणि विकासकांना श्रेणी देण्याबाबत सरकारला शिफारस करण्याचे काम स्थावर संपदा कायद्याच्या कलम ३२ ने प्राधिकरणाकडे दिलेले आहे, पण आपल्या घराच्या ठेकेदारापर्यंत ते पोहोचत नाही.

प्रश्न : माझे वडील तीस वर्षांपासून गवंडीकाम करतात आणि आई रेजा, म्हणजे बांधकामावरची मजूर, म्हणून जाते. दोघेही सकाळी काम मिळवण्यासाठी ठिय्यावर, म्हणजे मजुरांच्या नाक्यावर, उभे राहतात. कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी नव्वद दिवसांचा दाखला मागतात, तो कोण देणार? आणि वडिलांच्या हातच्या कामाला काही प्रमाणपत्र मिळते का? (विद्यार्थिनी, कळमना)

उत्तर : आपले पत्र या सर्व पत्रांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. नोंदणीसाठी वय १८ ते ६० वर्षांदरम्यान असावे आणि मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेले असावे, अशी अट आहे. एकाच ठेकेदाराकडे असणाऱ्याला ही अट सोपी जाते. ठिय्यावरून रोज नव्या मालकाकडे जाणाऱ्याला मात्र ती जवळजवळ अशक्य वाटते, कारण एक दिवसाच्या मालकाने दाखला का द्यावा? तथापि ठेकेदाराखेरीज ग्रामीण भागात ग्रामसेवकाचा आणि शहरात महापालिकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याचा दाखलाही चालतो; त्या मार्गाने अर्ज करावा आणि आईचा अर्ज वडिलांच्या अर्जापासून वेगळा भरावा. घरातील पुरुषाची नोंदणी झाली म्हणजे काम झाले, असे समजून अनेक रेजा नोंदणीविना राहतात आणि प्रसूतीच्या लाभाला मुकतात.

प्रमाणपत्राबाबत सांगायचे तर, आधी मिळवलेल्या कौशल्याला चाचणी घेऊन मान्यता देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे आणि बांधकाम क्षेत्रासाठी कौशल्य परिषदही आहे. अडचण पुढे येते. प्रमाणपत्र असलेल्या गवंड्याला प्रमाणपत्र नसलेल्यापेक्षा एक रुपयाही जास्त मजुरी मिळत नसेल, तर चाचणीसाठी तो एक दिवसाची रोजी का बुडवेल? मलेशियात कुशल कारागिरांच्या मान्यतेची तरतूद कायद्यातच आहे. आपल्याकडेही सरकारी निविदेत अमुक इतके गवंडी प्रमाणित असावेत, अशी अट घातली, तर त्या कागदाला बाजारात भाव येईल. अशी अट घालणे हे बांधकाम विकास मंडळाचे काम ठरले असते. आज ती घालण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. कल्याणकारी मंडळ कामगाराकडे पाहते, महारेरा ग्राहकाकडे आणि सार्वजनिक बांधकाम विभाग स्वतःच्या कामाकडे. बांधकामाचा धंदा म्हणून या सर्वांकडे एकत्र पाहणारे कोणी नाही.

प्रश्न : असा कायदा राज्य विधिमंडळ करू शकते की संसदेनेच तो करायचा? (विधी शाखेचा विद्यार्थी, रविनगर)

उत्तर : बऱ्याच अंशी राज्य करू शकते. शासनाच्या मालकीची बांधकामे आणि इमारती, तसेच महामंडळांची स्थापना हे विषय राज्यसूचीत आहेत; कामगार कल्याण, व्यावसायिक प्रशिक्षण आणि करार हे समवर्ती सूचीत आहेत. महाराष्ट्राने औद्योगिक विकास महामंडळासाठी १९६१ मध्ये आणि माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये स्वतःचे कायदे केले, हे आपणास ठाऊक असेलच. देशपातळीवर नियोजन आयोगाच्या पुढाकाराने १९९६ मध्ये बांधकाम उद्योग विकास परिषद स्थापन झाली, पण तिच्यामागे कायदा नसल्यामुळे तिची नोंदणी किंवा मानके कोणा खात्यावर बंधनकारक करता येत नाहीत. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत यशवंत स्टेडियमवरून निघणाऱ्या मोर्चांत थकीत बिलांसाठी कंत्राटदारही दिसतात आणि नोंदणीसाठी बांधकाम मजूरही. दोघांच्या मागण्या दोन वेगळ्या मंत्र्यांकडे जातात. आपल्याला अभ्यासासाठी मसुदा लिहायचा असेल, तर दक्षिण आफ्रिकेच्या अधिनियमातील नोंदवहीची कलमे आणि मलेशियाच्या अधिनियमातील निधीची कलमे शेजारी ठेवून वाचावीत, आणि निधीच्या कलमात शिल्लक रक्कम किती काळ खर्चाविना राहू शकते याची मर्यादा स्वतः घालून पाहावी.