अर्बन टेक्नॉलॉजी अँड डिझाइन शिकायला चित्रकला यावी लागते का?

चित्रकलेची काळजी सोडा. चार रेघा ओढल्यावर रस्ता कुठे, भिंत कुठे आणि माणूस कुठे उभा आहे एवढं समोरच्याला कळलं की भागतं. प्रश्नाखाली तुम्ही "मला कोडिंग चांगलं येतं, म्हणजे निम्मं काम झालंच आहे" असं लिहिलंय, मला खटकलं ते हे. या वाक्यावर माझं एक जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

शहराचं नियोजन आणि संगणक एकत्र शिकवणारी ही पदवी, तर शिकवतात काय ते आधी उरकते. जीआयएस (नकाशावर माहिती मांडायचं सॉफ्टवेअर), पायथन ही कोडिंगची भाषा, संख्याशास्त्र, शहरांचा इतिहास, थोडा जमीनवापराचा कायदा, लोकांच्या मुलाखती कशा घ्यायच्या ते, आणि स्टुडिओ, म्हणजे खरी जागा घेऊन गटाने प्रकल्प करायचा तास. वेळापत्रकात सगळे विषय सारखे दिसतात, पण प्रत्यक्षात स्टुडिओ बाकीच्यांचा वेळ खाऊन टाकतो. सबमिशनच्या आदल्या रात्री अक्षांश-रेखांशाचे रकाने रिकामे निघतात, सॉफ्टवेअर त्यांना शून्य धरतं आणि तुमचे सगळे बसथांबे आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात जाऊन पडतात. हे प्रत्येकाचं होतं.

आता भांडण. तिसऱ्या वर्षी आमच्या गटाला एक चौक दिला होता. एका बाजूला रुग्णालय, पलीकडे बसथांबा, मध्ये चौदा मीटरचा रस्ता आणि सिग्नलचं झेब्रा क्रॉसिंग. गटात एक फार हुशार कोडिंगवाला होता. त्याने कॅमेऱ्याच्या चित्रीकरणावर मॉडेल चालवलं, माणसं ओळखली, त्यांच्या चालण्याच्या रेषा काढल्या आणि सुंदर हीटमॅप बनवला, म्हणजे कुठे किती वर्दळ ते रंगांनी दाखवणारा नकाशा. हीटमॅप सांगत होता की दुपारी क्रॉसिंग जवळजवळ रिकामं असतं. म्हणून प्रस्ताव ठरला, दुपारी पादचाऱ्यांचा हिरवा दिवा आखडता घ्यायचा आणि ते सेकंद गाड्यांना द्यायचे.

मला ते पटेना. रुग्णालयाच्या दारात दुपारी माणूस नाही? मी वही घेऊन तिथे जाऊन उभी राहिले.

माणसं होती. म्हातारी माणसं बाहेर येत, रस्त्याकडे बघत आणि क्रॉसिंगवर पाऊल न टाकताच वळत. भिंतीच्या कडेने पुढे चालत जात, जिथे दुभाजकात मध्ये थांबायला जागा होती, आणि तिथून दोन टप्प्यांत ओलांडत. ती जागा कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर होती. एका आजींना विचारलं, एवढा वळसा का घेता? त्या म्हणाल्या, "मधोमध पोचते तोवर हॉर्न वाजायला लागतात गं."

हिशेब सोपा आहे. सिग्नल आखताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरायची जुनी रीत आहे. चौदा मीटरला जवळपास १२ सेकंद. गुडघे दुखणारं माणूस ०.८ मीटरने चालतं, त्याला साडेसतरा लागतात. मधली पाचेक सेकंदं कुठून आणायची? तेवढी मिळत नाहीत म्हणून माणसं येत नाहीत, येत नाहीत म्हणून हीटमॅप रिकामा, आणि हीटमॅप रिकामा म्हणून आम्ही वेळ आणखी कमी करणार! मी म्हटलं, कॅमेरा-मॉडेल वगैरे राहू द्या, क्रॉसिंगवरच दुभाजकात थांबायला जागा करा आणि हिरवा दिवा वाढवा.

तो कोडिंगवाला म्हणाला, "पाच म्हाताऱ्यांशी बोलून शहर आखता येत नाही." ज्यूरीतल्या, म्हणजे प्रकल्प तपासणाऱ्या मंडळातल्या, एकाने माझ्या पानांकडे बघून विचारलं, "छान आहे, पण यात टेक्नॉलॉजी कुठे आहे?" कौतुक हीटमॅपचं झालं. तो मित्र अजून अधूनमधून "तुझे पाच म्हातारे कसे आहेत?" असा मेसेज करतो. त्याला तेव्हा जे सांगायचं राहिलं ते इथे लिहिते, वाचत असेल तर वाचू दे.

बॉस्टनमध्ये स्ट्रीट बंप नावाचं ॲप काढलं होतं. फोन गाडीत ठेवायचा, गचका बसला की खड्ड्याची नोंद आपोआप. कल्पना झकास. पण ज्या वस्त्यांत स्मार्टफोन कमी, तिथले खड्डे यादीत कमी. न्यूयॉर्कमध्ये रँड या संशोधन संस्थेच्या मंडळींनी अग्निशमन केंद्रांसाठी गणिती मॉडेल केलं, मुख्य भर गाडी किती वेळात पोचते यावर. त्याच्या आधारे सत्तरच्या दशकात केंद्रं बंद झाली, आणि त्यांतली बरीच गरीब वस्त्यांतली होती, जिथे आगी जास्त लागत. कोड चुकला नव्हता. काय मोजायचं ते चुकलं होतं.

आणि "टेक्नॉलॉजी कुठे आहे" म्हणणाऱ्यांसाठी विल्यम एच. व्हाइट, लोक शहरातल्या जागा कशा वापरतात याचा अभ्यास करणारे. न्यूयॉर्कच्या इमारतींपुढच्या मोकळ्या जागांवर त्यांनी टाइमलॅप्स कॅमेरे लावले, आणि स्वतःही तिथे बसून बघितलं. निष्कर्ष हसू येईल इतका साधा: जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. पण त्यावरून १९७५ मध्ये त्या शहराने झोनिंगचे, म्हणजे कुठे काय आणि कसं बांधायचं याचे, नियम बदलले. कॅमेरा त्यांच्याकडेही होताच की.

म्हणून तुम्हाला सल्ला असा: अभ्यासक्रम निवडताना कोणती सॉफ्टवेअर शिकवतात ते बघू नका, ती बदलतात. स्टुडिओत प्रत्यक्ष जागेवर जायला किती आठवडे दिलेत आणि ज्यूरीत नियोजन किंवा वाहतूक खात्यात काम केलेलं कोणी असतं का, हे विचारा. नसेल तर सरळ संगणकशास्त्र घ्या, पगार लवकर मिळेल. डेटा आणि नीतिमत्तेचा पेपरही झोपेत काढू नका. टोरांटोच्या क्वेसाइड भागात साइडवॉक लॅब्ज या गूगलच्या भगिनी कंपनीचा सेन्सर लावलेली नवी वस्ती उभारायचा प्रकल्प २०१७ मध्ये वाजतगाजत जाहीर झाला आणि मे २०२० मध्ये गुंडाळला. कंपनीने कारण आर्थिक अनिश्चिततेचं दिलं, पण त्याआधी अडीच वर्षं तिथले लोक विचारत होते की आमचा डेटा कोणाच्या ताब्यात राहणार.

नातेवाईक "ना धड इंजिनिअर, ना धड आर्किटेक्ट" म्हणतील. लंडनच्या यूसीएलमधलं कासा हे संशोधन केंद्र १९९५ पासून हेच काम करतंय आणि एमआयटीने २०१८ मध्ये नगरनियोजन व संगणकशास्त्र एकत्र करून पदवी काढली, हे सांगून बघा. माझ्या घरी उपयोग झाला नाही.

दोन गोष्टी राहिल्या. एक, मी एका चौकाबद्दल बोलतेय. दोनशे चौक असते तर वही घेऊन उभं राहणं जमलं नसतं, तिथे त्याचंच मॉडेल लागलं असतं, हे मान्य. (त्याला सांगू नका.) दुसरी, या पदवीने तुम्ही परवानाधारक आर्किटेक्ट किंवा सिव्हिल इंजिनिअर होत नाही. आराखड्यावर सही करायची असेल तर त्याची वाट वेगळी आहे, प्रवेश घेण्याआधीच चौकशी करा.

चित्रकलेचं म्हणाल तर पहिल्या सत्रात सेक्शन, म्हणजे रस्ता किंवा इमारत उभी कापल्यावर दिसेल तसं चित्र, काढायला शिकवतात. पट्टी वापरू देतात.