दुसऱ्या मापाबद्दल

प्रिय,

तुझे पत्र मिळाले. ६० रुग्णांचे इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून किती टक्के रक्त बाहेर पडते ते, तू इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) मोजलेस, औषध घेणारा गट दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ४ अंकांनी सरस ठरला, आणि मग केवळ स्वतःच्या शंकेपोटी त्यांतल्या २० जणांच्या इकोच्या क्लिप नावे झाकून पुन्हा मोजल्यास तेव्हा तो फरक जवळजवळ उरलाच नाही. गाईड म्हणतात की पहिलीच मापे धर, कारण दुसऱ्यांदा मोजण्याचे आराखड्यात ठरलेलेच नव्हते. ती २० मापे प्रबंधात न सांगणे म्हणजे लपवणे ठरेल का, असे तू विचारतेस. ठरेल, आणि हे तुलाही ठाऊक आहे, एरवी हे पत्र लिहिले गेलेच नसते. म्हणून त्यावर मी अधिक लिहीत नाही. मला सांगायचे आहे ते पुढच्या कामाविषयी. सर्व ६० क्लिप नावे झाकून पुन्हा मोज.

इकोच्या पडद्यावर आकडा उमटतो तेव्हा तो यंत्राने दिला असे आपल्याला वाटते, पण डाव्या जवनिकेच्या, म्हणजे त्या खालच्या कप्प्याच्या, आतल्या अस्तराची कडा आपला हात आखत असतो. प्रसरणाच्या शेवटी आकारमान १२० मिलिलिटर आणि आकुंचनाच्या शेवटी ५४ धरले, तर इजेक्शन फ्रॅक्शन ५५ टक्के येते. आकुंचनाच्या शेवटची कडा किंचित बाहेरून आखून ६० मिलिलिटर धरले, तर ते ५० टक्क्यांवर येते. धूसर चित्रात त्या ६ मिलिलिटरचा निवाडा डोळा करतो, आणि रुग्ण कोणत्या गटातला आहे हे माहीत असलेला डोळा तो निवाडा तटस्थपणे करू शकत नाही. यात अप्रामाणिकपणा नसतो, आणि म्हणूनच ते हातून घडते आहे हे कळत नाही.

६० जणांत मोजमापाच्या चुका एकमेकींना छेद देतात, हे तुझ्या गाईडचे म्हणणे अर्धे खरे आहे. कधी वर, कधी खाली जाणारी चूक सरासरीत विरून जाते, फक्त निष्कर्षाची धार बोथट होते. पण गट माहीत असल्यामुळे होणारी चूक एकाच दिशेला झुकते, आणि तशी चूक ६० काय, ६०० रुग्ण घेतले तरी विरत नाही; उलट रुग्ण जितके जास्त, तितकी ती अधिक ठाम दिसते. म्हणून पुन्हा सांगतो, नावे झाकून मोज.

माझ्या या हट्टामागे एक जुनी गोष्ट आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर एका औषधाचा उपयोग होतो का, हे मी तरुणपणी तपासले होते. औषधाआधीचे आणि नंतरचे सर्व इको मीच केले, मीच मोजले, आणि प्रत्येक वेळी समोरची नोंद आधीची की नंतरची हे मला माहीत होते. सुधारणा दिसली, निबंध छापून आला, माझे कौतुकही झाले. काही काळाने एका सहकाऱ्याने मूळ नोंदी पुन्हा मोजायला मागितल्या, तेव्हा मला आठवले की त्या व्हिडिओ टेपवर मी दुसऱ्या रुग्णांचे इको नोंदवून टाकले होते. ते निष्कर्ष चुकीचे होते असे मी आज म्हणू शकत नाही, आणि बरोबर होते असेही म्हणू शकत नाही. ते ठरवण्याची वाट मीच पुसून टाकली. तुझ्याकडे क्लिप आहेत, एवढ्या एका कारणासाठी मला तुझा हेवा वाटतो.

स्वतःच्या मापावर शंका घेण्याची परंपरा आपल्या विद्येच्या आरंभापासूनची आहे. १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी, धातूतील भेगा शोधणारे ध्वनितरंगांचे यंत्र जहाजबांधणीच्या गोदीतून उसने आणून, हृदयाच्या हालचाली नोंदवल्या. त्यांतल्या एका ठळक रेषेला एडलर सुरुवातीला डाव्या कर्णिकेची (वरच्या कप्प्याची) भिंत समजत होते. पुढे त्यांनी रुग्णांच्या छातीवर तरंगांची जागा आणि दिशा नोंदवून ठेवली, मृत्यूनंतर त्याच दिशेने टोकदार सळई आत घालून पाहिली, आणि ती या दोन डाव्या कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेच्या पुढच्या पडद्यात रुतलेली आढळली. स्वतःच्या रेषेवर त्यांनी शंका घेतली नसती, तर मायट्रल झडपेचा अभ्यास कोणत्या पायावर उभा राहिला असता, याचा विचार कर.

आणि हे न केल्याची किंमत रुग्ण मोजतात. जवनिकेच्या भिंती एका तालात आकुंचन पावत नाहीत हे इकोवर मोजून त्यांचा ताल जुळवणारा विशेष पेसमेकर (सीआरटी) कोणाला लाभेल ते सांगता येईल, असे एकेकाळी अनेक ठिकाणांहून मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जात होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रॉस्पेक्ट अभ्यासात ५३ केंद्रांतून तशी १२ मापे तपासली गेली, तेव्हा एकही माप पुरेसे विश्वासार्ह ठरले नाही. वेगवेगळ्या तपासनिसांच्या आकड्यांतही मोठी तफावत निघाली. २०१३ च्या इको-सीआरटी चाचणीत ईसीजीवर क्यूआरएस (जवनिकांतून विद्युत संदेश पसरायला लागणारा वेळ) १३० मिलिसेकंदांपेक्षा कमी, पण इकोवर ताल बिघडलेला, असे ८०९ रुग्ण होते. पेसमेकर सर्वांना बसवला होता. तो चालू केलेल्या गटात ४५ मृत्यू झाले, न केलेल्या गटात २६. चाचणी मध्येच थांबवावी लागली. तुझा प्रबंध एवढा मोठा नाही असे तू म्हणशील. पण असे छोटे प्रबंधच एकमेकांचा आधार घेत पुढे मोठी समजूत तयार करतात.

प्रबंध सादर करायला सहाच आठवडे उरले आहेत, हे वाक्य तू पत्रात तीनदा लिहिले आहेस. ते वाचून मी थोडा चिडलो. ६० क्लिप मोजायला सहा आठवडे लागत नाहीत. नावे झाकून मोजण्याच्या माझ्या हट्टामुळे हाताखालचे दोन विद्यार्थी मला सोडून गेले, मी कामे अडवून धरतो असे सहकारी आजही म्हणतात, आणि एका निबंधावर सही नाकारल्यामुळे माझी एक जुनी मैत्री तुटली. मी कठोर होतो हे मला मान्य आहे; पण त्या निबंधातली मापे गट ठाऊक असताना घेतलेली होती, आणि आज विचारले तरी मी सही करणार नाही.

आता कामाचे. क्लिपवरचे नाव, तारीख आणि गट दुसऱ्या कोणाला तरी झाकायला सांग, क्रम चिठ्ठ्या टाकून बदल, आणि ती यादी त्या व्यक्तीकडेच राहू दे. प्रत्येक रुग्णाचे निदान तीन ठोके मोजून सरासरी घे. एट्रियल फिब्रिलेशन (ठोक्यांची अनियमितता) असेल तर पाच. जवनिकेचे टोक कापले गेलेल्या, आखूड दिसणाऱ्या क्लिप आधीच बाजूला काढ, आकडा पाहून नंतर नव्हे. दोन वेळच्या मापांचा सहसंबंध (एक वाढले की दुसरेही वाढते का) काढून समाधान मानू नकोस. एक तपासनीस प्रत्येक रुग्णाला ८ अंक जास्त देत असेल तरी सहसंबंध उत्तमच येतो. संख्याशास्त्रज्ञ ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये दाखवलेल्या पद्धतीने प्रत्येक रुग्णाच्या दोन मापांतला फरकच मांड. प्रबंधात दोन्ही वेळची मापे दे, आणि दुसरी मापे आराखड्याबाहेर, नंतर घेतली हेही स्पष्ट लिही. गाईडशी बोलताना माझे नाव पुढे करू नकोस; त्या २० क्लिपचा तक्ता त्यांच्यासमोर ठेव.

नावे झाकून झाली की त्यांतल्या कोणत्याही ३० क्लिप मला पाठव. गट मला सांगू नकोस. मी माझ्या हाताने कडा आखतो आणि पुढच्या रविवारपर्यंत आकडे कळवतो.

तुझा,
एक जुना इकोवाला