शाळेच्या झोनसाठी ७० हजार डॉलर जास्त द्यावेत का?

एका वाचकाचा मेल आलाय, थोडक्यात असा. टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोत नवरा-बायको भाड्याने राहतात, मुलगी दुसरीत आहे, मुलगा तीन वर्षांचा. दोन घरं बघून ठेवलीत. पहिलं ६ लाख ९० हजार डॉलरचं, नावाजलेल्या एलिमेंटरी शाळेपासून दोन गल्ल्यांवर, मुलगी चालत जाईल असं. दुसरं ६ लाख २० हजारांचं, तेवढंच मोठं, डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) तोच पण झोन (कुठल्या पत्त्याची मुलं कुठल्या शाळेत जाणार ती हद्द) वेगळ्या शाळेचा. आता डिस्ट्रिक्टमध्ये झोन नव्याने आखायची चर्चा चाललीय आणि पहिल्या घराची गल्ली नेमकी झोनच्या कडेला येते. झोन बदलला तर शाळेला मिळणारा सरकारी पैसा कमी होऊन घराची किंमत पडेल का, असं त्यांनी विचारलंय.

माझं मत आधीच सांगतो, पहिलं घर या किमतीला घेऊ नका. आता का ते बघा.

तुम्ही दोन वेगळ्या रेषा एकच समजताय. डिस्ट्रिक्टची हद्द ही दोन गावांच्या शिवेसारखी असते, सहसा हलत नाही. टेक्सासच्या कायद्यात जमीन एका डिस्ट्रिक्टमधून काढून दुसऱ्याला जोडायची सोय आहे, पण त्यासाठी तिथल्या बहुसंख्य मतदारांच्या सह्यांचा अर्ज लागतो, दोन्ही डिस्ट्रिक्टच्या बोर्डांसमोर, म्हणजे कारभारी मंडळांसमोर, सुनावणी होते, जुन्या बॉन्डच्या (शाळांच्या बांधकामासारख्या खर्चासाठी काढलेल्या) कर्जाचा वाटा कोणाकडे किती हे ठरवावं लागतं, त्यामुळे असं क्वचितच होतं. झोन म्हणजे मात्र एकाच शेतात पाणी द्यायला पाडलेले वाफे, बोर्डाने मतदान केलं की मोडून नवे पाडता येतात. शेजारच्या प्लेनोत बोर्डाने २०२४ च्या जूनमध्ये दोन एलिमेंटरी आणि दोन मिडल स्कूल बंद करायचं ठरवलं कारण मुलंच कमी झाली, आणि त्या शाळांसाठी ज्यांनी घरं घेतली होती त्यांचा झोन एका मतदानात बदलला.

सरकारी पैशाची भीती मनातून काढून टाका. टेक्सासमध्ये राज्याचा पैसा मुलामागे मोजतात, तोही नुसत्या पटावर नाही तर रोजच्या सरासरी हजेरीवर. मूळ रक्कम २०१९ पासून मुलामागे ६,१६० डॉलर होती ती २०२५ मध्ये ६,२१५ झाली, त्यावर वेगवेगळ्या गरजांप्रमाणे भर पडते. असा डिस्ट्रिक्टचा एकूण हक्काचा आकडा निघतो, त्यातला काही भाग स्थानिक प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, कमी पडतं ते राज्य देतं, आणि हक्कापेक्षा जास्त जमा झालं तर ते राज्याकडे जातं, त्यालाच लोक १९९३ पासून रॉबिन हूड म्हणतात. म्हणजे एकाच डिस्ट्रिक्टमध्ये मुलं या शाळेतून त्या शाळेत गेली तर राज्याच्या हिशोबात काहीच हलत नाही. आणि परिसरातली घरं महाग झाली म्हणून शाळेच्या रोजच्या खर्चाला आपोआप जास्त पैसे मिळतात हाही गैरसमज आहे, स्थानिक वाटा वाढला की राज्याचा वाटा तेवढा कमी होतो. बॉन्डच्या कर्जफेडीचा टॅक्स वेगळा, पण तोही अख्ख्या डिस्ट्रिक्टला एकाच दराने. म्हणून तुमच्या दोन्ही घरांना शाळेच्या टॅक्सचा दर सारखाच लागणार, कुठल्याही झोनमध्ये असा.

घराच्या किमतीबद्दल मात्र तुमची काळजी खरी आहे. ओहायोत क्लीव्हलंडजवळ शेकर हाइट्स म्हणून गाव आहे, तिथे १९८७ मध्ये शाळांची फेररचना होऊन काही वस्त्यांच्या जवळच्या शाळा गेल्या, आणि दोन अर्थशास्त्रज्ञांनी नंतर हिशोब केला तेव्हा त्या घरांच्या किमती सुमारे १० टक्क्यांनी कमी भरल्या. ते गाव वेगळं आणि काळ वेगळा, तोच आकडा फ्रिस्कोला चिकटवू नका, पण ६ लाख ९० हजारांचे १० टक्के म्हणजे ६९ हजार, म्हणजे तुम्ही जे जास्तीचे देताय जवळजवळ तेवढेच.

आता तुमच्या खिशाचं बघू. २० टक्के डाउन पेमेंट धरलं तर १४ हजार आज जास्त जातील. उरलेल्या ५६ हजारांचा हप्ता साडेसहा टक्क्यांनी ३० वर्षांसाठी महिन्याला ३५४ डॉलर. सगळे प्रॉपर्टी टॅक्स मिळून पावणेदोन टक्के धरले तर वर्षाला आणखी १,२०० च्या वर. म्हणजे महिन्याला साधारण साडेचारशे, आणि मुलगी एलिमेंटरीत आता तीन-चार वर्षंच असणार. मुलाची पाळी येईपर्यंत नकाशा काय असेल ते आज कोणीच सांगू शकत नाही.

अजून एक, यात आपली माणसं हमखास फसतात. लिस्टिंगवर जो टॅक्स दिसतो तो आत्ताच्या मालकाचा असतो. होमस्टेड असलं, म्हणजे मालक स्वतः राहतो अशी त्या घराची नोंद असली, की टॅक्ससाठीची किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, त्यामुळे जुन्या मालकाचा आकडा बाजारभावाच्या बराच खाली असू शकतो. तुम्ही घेतलंत की ती मर्यादा सुटते आणि पुढच्या १ जानेवारीच्या बाजारभावावर टॅक्स लागतो. काउंटीच्या अप्रेझल ऑफिसच्या (टॅक्ससाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या) साइटवर पत्ता टाका, तिथे मार्केट व्हॅल्यू (बाजारभाव) आणि अप्रेझ्ड व्हॅल्यू (मर्यादा लावून आलेली किंमत) असे दोन आकडे दिसतील, त्यातला मार्केटचा धरून हिशोब करा. त्यातून शाळेच्या टॅक्सपुरती होमस्टेडची सूट वजा होईल, ती २०२५ च्या नोव्हेंबरमधल्या मतदानाने १ लाखाची १ लाख ४० हजार झालीय. घर घेतल्यावर होमस्टेडचा अर्ज लगेच भरा, राहून जातो.

दुसऱ्या घराकडे जाताना पण डोळे मिटून जाऊ नका. पत्त्यात फ्रिस्को आहे म्हणून डिस्ट्रिक्ट फ्रिस्कोच असेल असं नाही, शहराचे काही भाग प्रॉस्पर, लुइसव्हिल आणि लिटल एल्म डिस्ट्रिक्टमध्ये येतात. घर विकणाऱ्या साइटवर विसंबू नका, डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या साइटवर घर नंबर टाकून बघा. त्या दुसऱ्या शाळेत जागा किती आणि मुलं किती तेही विचारा, अर्धी रिकामी असेल तर उद्या तीच बंद करायच्या यादीत येऊ शकते.

आणि पहिल्या घरात जीव अडकलाच असेल, मुलीने चालत शाळेत जावं हे मला समजतं, माझ्याही मनात तेच आलं असतं, तर ६ लाख ४० हजारांची ऑफर द्या, कारण झोन गेला तर ते दुसऱ्या घरासारखंच घर आहे आणि जवळच्या शाळेचे वीस हजार पुरेत. करारात ऑप्शन पीरियड नक्की घ्या, थोडी फी भरून ठरलेल्या दिवसांत कारण न देता बाहेर पडता येतं, आणि जमलं तर तो अशा बेताने घ्या की बोर्डाची पुढची मीटिंग त्याच दिवसांत येईल. त्या मीटिंगला दोघांपैकी एकाने तरी जाऊन बसा आणि नकाशात तुमची गल्ली कुठे पडते ते बघून मगच पुढची सही करा.